राक्षसाचा जीव आणि रविवारचा वर्ग

नाशिकच्या आमच्या बोर्डिंगात लहान मुलींचा रविवारचा वर्ग कोणी घ्यायचा, एवढ्याशा गोष्टीपायी मी एक अख्खा हिवाळा जळत काढला. वर्ग तो केवढासा. देवळाच्या मागच्या पडवीत एक सतरंजी, एक वेताची खुर्ची आणि मांडी घालून बसलेल्या चिमुरड्या पोरी. आम्ही चर्चला देऊळच म्हणायचो. पण त्या खुर्चीवर जी बसे तिला मुली ‘बाई’ म्हणत, आणि मला त्या ‘अक्का’ म्हणत. अक्का म्हणजे न्हाऊ घालणारी, नाकं पुसणारी, धान्य निवडणारी. मला कोणी तसं सांगितलं नव्हतं, पण माझ्या मनानं घेतलं होतं की बाईला कोणी परत गावी धाडत नाही. अक्काला धाडू शकतात.

माझं गाव मोगलाईत, निजामाच्या मुलखात. याच गोदावरीच्या काठी, पण पार खाली. नाशकात लोक तिला गंगा म्हणतात, आणि इथं ती घाटाच्या पायऱ्यांमधून अंग चोरून वाहते. आमच्याकडे तिचं पात्र एवढं रुंद की पलीकडची बाई हाक मारतेय की रडतेय ते कळू नये. मी मराठी तिसरीत असताना वडील गेले आणि शाळा सुटली. पुढची काही वर्षं धाकट्या भावंडांना कडेवर घेण्यात गेली. मग गावच्या पाळकसाहेबांनी ओळख लावून मला इथं पाठवलं. पोटभर भाकर, नाताळला लुगडं, निजायला कोरडी जागा. संध्याकाळच्या प्रार्थनेत मी या तिन्हींसाठी रोज आभार मानायची. मनापासून मानायची. चौथं काही मागितलं तर ही तीनही जातील अशी एक भीती मात्र कायम पोटात असे.

आणि मी चौथं मागत होते. मला तो वर्ग हवा होता.

दुपारची जेवणं झाली की मी स्वैपाकघरामागच्या ओट्यावर सूप घेऊन बसायची. कधी बाजरी, कधी तांदूळ, कधी हुलगे. लहान मुली भोवती बसून खडे वेचायच्या. वेचता वेचता त्या कच्चं धान्य तोंडात टाकायच्या आणि मग रात्री पोट धरून बसायच्या, म्हणून मी गोष्टी सांगायची. गोष्ट रंगली की हात थांबायचे, पण तोंडंही थांबायची. गोष्टी सगळ्या माझ्या आईच्या. चालणारी झाडं, डोक्यावर दिवा घेऊन फिरणारा साप, चांदण्याचं घोंगडं विणणारी म्हातारी. सगळ्यांत लाडकी राक्षसाची. त्याला तलवार लागत नाही, आग लागत नाही, कारण त्याचा जीव त्याच्यात नाहीच. सात डोंगरांपलीकडे एक विहीर, विहिरीत पिंजरा, पिंजऱ्यात पोपट आणि पोपटात राक्षसाचा जीव. धनगराची एक पोर तिथवर पोचते आणि पोपटाची मान पिरगाळते. तिकडे राक्षस जेवता जेवता ताटात कोसळतो. ‘ताटात कोसळतो’ म्हटलं की सगळ्या मुली एकदम मागं सरकायच्या, आणि सूप सांडायचं.

या गोष्टी मी आवाज खाली ठेवून सांगायची. त्या सुमाराला गावात बोलपट यायला लागले होते, आणि आमचे इथले पाळकसाहेब उपदेशात बोलपट आणि भुताखेताच्या गोष्टी एकाच दोरीनं बांधून झोडपायचे. खोट्या गोष्टीतून खरा देव कसा भेटणार, असं ते विचारायचे, आणि मी मागच्या रांगेत बसून पायाच्या अंगठ्याकडे बघायची.

दिवाळीच्या आसपास वर्ग घेणाऱ्या म्हाताऱ्या बायबलबाईंना दिसेनासं झालं. मिससाहेब, म्हणजे आमच्या बोर्डिंगाच्या मुख्य, साता समुद्रापलीकडून येऊन केस पांढरे होईपर्यंत इथंच राहिलेल्या. त्यांनी आम्हा दोघींना बोलावलं. मला, आणि पुण्याहून नुकत्याच आलेल्या नव्या बाईंना.

“लहान मुलींना गोष्ट सांगता आली पाहिजे,” मिससाहेब म्हणाल्या. त्यांचं मराठी छापल्यासारखं होतं. “आणि त्या गोष्टीतून बोध काढता आला पाहिजे. नाताळपर्यंत तुम्ही दोघी आळीपाळीने वर्ग घ्या. नंतर मी ठरवीन.”

नव्या बाई ट्रेनिंग झालेल्या. वय माझ्याहून फार नव्हे. त्यांच्याकडे काळी छत्री होती, बंद बूट होते आणि चापून घातलेला अंबाडा होता, जो दिवस मावळेपर्यंत एक केस इकडचा तिकडे होऊ देत नसे. चार वाजता त्या मिससाहेबांबरोबर कपबशीनं चहा घ्यायच्या. मी तो चहा नेऊन ठेवायची. त्या दर वेळी “थँक्यू हं, अक्का” म्हणायच्या, आणि मला ते नको असायचं. त्यांचा राग यावा असं त्यांच्यात काहीही नव्हतं, हीच माझी मोठी अडचण.

पहिला रविवार माझा. मी शास्त्रातली, म्हणजे बायबलातली, महापुराची गोष्ट निवडली. पूर म्हणजे काय ते मला विचारा. आमच्या गावात गोदावरी चढते तेव्हा आधी उंदीर पळतात, मग साप, मग माणसं. मी ते सगळं घातलं. माळवदावर चढवलेली शेळी घातली, पाण्यातून वाहत जाणारा पाळणा घातला. मुलींचे डोळे एवढाले झाले. मग बोधाची वेळ आली. मिससाहेब दाराशी उभ्या होत्या. मी तोंड उघडलं आणि आत काही नव्हतं. मुली वाट बघत होत्या.

“म्हणून,” मी म्हणाले, “नदीच्या अगदी काठाला घर बांधू नये.”

मिससाहेब खोकल्या. नव्या बाईंनी मान खाली घातली. त्या हसत होत्या असं मला वाटलं, आणि अजूनही वाटतं.

पुढचा रविवार त्यांचा. त्या खुर्चीवर बसल्या, हात मांडीवर ठेवले आणि म्हणाल्या, “आज मी तुम्हाला आपल्या अक्कांची गोष्ट सांगणार आहे. तुम्हीच मला ती सांगितलीत.”

आणि त्यांनी राक्षसाची गोष्ट सांगितली. माझी. आमच्या आईची. विहीर, पिंजरा, पोपट, सगळं जिथल्या तिथं. मी मागं सतरंजीच्या टोकाला एका शेंबड्या पोरीला मांडीवर घेऊन बसले होते. त्यांचं सांगणं माझ्याइतकं बरं नव्हतं. ताटात कोसळण्याच्या जागी त्या नुसतं ‘मेला’ म्हणाल्या, आणि एकही मुलगी मागं सरकली नाही. तेवढ्यानं मला बरं वाटलं. पण ते फार टिकलं नाही.

“आता बघा हं,” बाई हळू आवाजात म्हणाल्या. “राक्षसालासुद्धा एक कळलं होतं. जीव आपल्याजवळ ठेवला तर तो सांभाळता येत नाही. दुसऱ्या कोणाजवळ तरी ठेवावा लागतो. त्यानं तो पोपटापाशी ठेवला, आणि पोपट मेला. तुम्ही तो प्रभूपाशी ठेवा. तिथवर कोणाचा हात पोचत नाही.”

मिससाहेबांनी चष्मा काढून पुसला. इतकंच काय, पाळकसाहेबही तिथं होते, आणि त्यांनी मान हलवली.

मी ती गोष्ट दूध पीत होते तेव्हापासून ऐकत आले. शेकडो वेळा सांगितली असेल. मला तिच्यात पोपट दिसायचा, त्याची लाल चोच दिसायची, विहिरीतला गारवा लागायचा. प्रभू एकदाही दिसला नव्हता. आणि ही पुण्याची बाई महिन्याभरापूर्वी येते, पोरींच्या तोंडून अर्धीमुर्धी ऐकते, आणि तिला तो सरळ समोर उभा दिसतो. मी रोज प्रार्थना करणारी. मग तो मला का दिसू नये? त्यांच्या छत्रीचा मला हेवा वाटत होता, बुटांचा वाटत होता, चहाचा वाटत होता. पण तो हेवा वेगळा. हा मात्र आत जाऊन बसला. त्यांना दिसत होतं आणि मला दिसत नव्हतं.

मग मी बोध शोधायला लागले. पाणी भरताना, जात्यावर बसताना, मुलींच्या डोक्यातल्या उवा काढताना. आमच्या स्वैपाकीणबाईंना सगळे आत्या म्हणायचे. त्यांनी मला एकदा तव्यासमोर पकडलं.

“काय गं, त्या भाकरीकडं काय टक लावून बघतीस?”

“आत्या, भाकरी फुगते यात काय बोध असेल?”

“करपली तर मिससाहेबांची बोलणी बसतात, हा बोध. उलट ती.”

“तसं नाही हो. देवाविषयीचा.”

आत्यांनी माझ्या हातातलं उलथनं घेतलं आणि भाकरी स्वतः उलटली. “त्या पुण्यावालीनं तुझं डोकं फिरवलंय,” त्या म्हणाल्या. “तिला पगार मिळतो त्याचा. तुला मिळतो भाकरीचा.”

त्या महिन्यात दुसरंही एक झालं. हरसूलकडच्या डोंगरातली एक पोर पावसाळ्यात आमच्याकडे आली होती. आईबाप दर साली मजुरीला कुठं कुठं जायचे, म्हणून इथं ठेवलेली. बोलायची फार कमी, आणि बोलली तर मुली तिच्या बोलीला हसायच्या. ती माझीच होती म्हणा ना. निजताना माझ्या पदराचं टोक मुठीत धरायची, आणि ती झोपल्यावर मला एकेक बोट सोडवून उठावं लागे. त्या रविवारनंतर ती माझ्याकडून गेली. दुपारी ओट्यावर यायची नाही. बाईंची खोली मिससाहेबांच्या व्हरांड्याला लागून होती. पोर सदा तिकडे. बाई निघाल्या की ही छत्री धरून मागं. छत्री तिच्याहून उंच.

“काय गं, खडे वेचायला येत नाहीस?” मी एकदा विचारलं.

“काम हाय,” ती म्हणाली.

“कसलं काम?”

“तिकडं.” आणि तिनं हनुवटीनं व्हरांडा दाखवला.

ती स्वतःच्या ताटातली पेरूची फोड उचलून तिकडे घेऊन जायची, हे मी पाहिलं होतं. बाईंसाठी नेते असं मी धरून चालले. माझ्यासाठी तिनं कधी शेंगदाणा ठेवला नव्हता.

मिससाहेबांच्या त्या व्हरांड्यात एक पोपट होता. पितळी कड्यांचा पिंजरा, जुना पोपट, पिसं विरळ झालेली. त्याला मिससाहेब स्वतःच्या हातानं खायला घालायच्या, आणि दुसऱ्या कोणी पिंजऱ्याला हात लावायचा नाही असा त्यांचा नियमच होता. बोर्डिंगात नव्या आलेल्या मुलीला पहिल्याच दिवशी सांगितलं जाई: विहिरीवर एकटीनं जायचं नाही आणि पोपटाला हात लावायचा नाही.

नाताळ जवळ आला तेव्हा मिससाहेब देवळाली कॅम्पला गेल्या. तिथं लष्करातल्या कोणा साहेबाची बायको त्यांची मैत्रीण होती, ती आजारी पडली म्हणून. पोपटाची जबाबदारी बाईंवर. आणि मिससाहेब तिकडे असतानाच एका सकाळी तो पिंजऱ्याच्या तळाशी पाय वर करून पडलेला दिसला. म्हाताराच होता तो. मांजर नाही, काही नाही, थंडी बाधली असेल. बाईंनी माळ्याला सांगून त्याला चाफ्याखाली पुरलं, आणि मिससाहेबांना काय सांगायचं म्हणून त्या दिवसभर कावऱ्याबावऱ्या. मी मनात म्हटलं, बरं झालं, तेवढं तरी ओझं घ्या.

त्या दुपारी हरसूलची पोर जेवायला आली नाही. शोधून शोधून शेवटी ती सरपणाच्या खोलीत सापडली. गोवऱ्यांच्या मागं गुडघ्यात डोकं घालून. रडत नव्हती. नुसती बसलेली.

“चल, भात निवतोय.”

“नको.”

“पोटात दुखतंय?”

मान हलली. नाही.

“कोणी मारलं?”

मग म्हणाली, “मिससाहेब मेली.”

देवळालीहून निरोप आला की काय, आणि मला कोणी सांगितलाच नाही. “तुला कोणी सांगितलं?”

“पोपट मेला ना.”

तेव्हा मला कळलं. एकदम सगळं कळलं. पेरूची फोड, व्हरांडा, ‘काम हाय’. ती बाईंच्या मागं नव्हतीच. एवढी मोठी, गोरी, समुद्रापलीकडून आलेली बाई, पिंजऱ्यातला पोपट, आणि त्याला कोणी हात लावायचा नाही. पोरीनं जोडून टाकलं होतं. मिससाहेबांचा जीव त्या पोपटात, आणि तो भुकेला राहू नये म्हणून ही आपल्या ताटातलं नेऊन घालत होती.

मी तिला उचललं आणि बाईंकडे नेलं. खरं सांगायचं तर त्यात थोडा आनंद होता. बघा, तुमच्या बोधाचं काय झालं.

बाईंनी सगळं ऐकलं. त्या खाली बसल्या, पोरीचे हात हातात घेतले. “बाळ, मिससाहेब ठीक आहेत. पोपटात कोणाचा जीव नसतो. ती नुसती गोष्ट आहे. खरी नाही.”

पोरीनं त्यांच्याकडे बघितलं. “परभूपाशी जीव ठेवायचा म्हणलीस ती?”

“ती…”

“ती बी नुसती गोष्ट हाय?”

बाईंचं तोंड उघडं राहिलं. मी त्यांच्याकडे बघत होते. या क्षणाची मी किती दिवस वाट बघितली होती, की त्यांना काही सुचू नये. आणि तो आला, तेव्हा पोरीनं मान माझ्याकडे वळवली. आता मी सांगेन अशी तिची खात्री. मलाही काही सुचलं नाही. मला भीती वाटली, आणि ती पोरीसाठी होती की स्वतःसाठी ते अजून सांगता येत नाही. कारण तोच प्रश्न माझाही होता. फक्त मी तो कधी कोणाला विचारला नव्हता.

“मिससाहेब आज यायच्या आहेत,” मी म्हणाले. “चल, रस्त्यावर जाऊ. डोळ्यांनी बघ.”

आम्ही तिघी फाटकाबाहेर चिंचेखाली जाऊन बसलो. देवळालीचा रस्ता तिथून सरळ दिसे. टांगे येत होते, जात होते. एकदा लष्कराची मोटार धुरळा उडवत गेली. पोर आमच्या दोघींच्या मधे, कोणाला न टेकता बसलेली. बाईंनी छत्री आणली नव्हती. त्यांच्या अंबाड्यातून एक बट सुटली होती, आणि ती मला फार बरी वाटली.

“अक्का,” त्या म्हणाल्या, “तुम्ही गोष्ट सांगता तेव्हा ती तुम्हाला खरी वाटते?”

“सांगताना वाटते.”

“मला कधीच वाटली नाही. मी ऐकते तेव्हापासूनच अर्थ शोधायला लागते. ट्रेनिंगमध्ये तसंच शिकवलं.”

“पण सापडतो ना तुम्हाला.”

“सापडतो,” त्या म्हणाल्या. त्यात गर्व नव्हता. दुखतंय का विचारल्यावर ‘दुखतं’ म्हणावं तसं म्हणाल्या. मला ते आवडलं नाही. सापडतं त्यांनाच, वर ते जडही त्यांनाच व्हावं?

ऊन कलल्यावर टांगा आला. मिससाहेब उतरल्या. पोर उठून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग त्यांचं मनगट धरलं.

“गरम हाय,” ती आमच्याकडे वळून म्हणाली.

“काय झाले आहे?” मिससाहेबांनी विचारलं.

बाईंनी सांगितलं. पोपट मेल्याचं मिससाहेबांना तेव्हाच कळलं. त्या टांग्याचा दांडा धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या. तो काही त्यांच्या देशातून आणलेला नव्हता, इथलाच होता. पण इतकी वर्षं सकाळी पहिला शब्द त्या त्याच्याशीच बोलत असणार.

पोरीनं मनगट सोडलं नव्हतं. “तुझा जीव पोपटात नव्हता,” ती म्हणाली.

“नाही.”

“मंग कुठं हाय?”

टांगेवाला हसला. मिससाहेब हसल्या नाहीत. “देवाजवळ ठेवला आहे, असे मी म्हणते.”

“तू बघितला?”

“नाही.”

“मंग कसं समजलं?”

“सकाळी मी उठते,” त्या म्हणाल्या, “तेव्हा तो परत माझ्याजवळ असतो. कोणी तरी तो रात्रभर सांभाळला, असे मला वाटते.”

पोरीनं विचार केला. तिला ते पटण्यासारखं वाटलं असावं, कारण ती म्हणाली, “भूक लागली.”

दुसऱ्या दिवशी मिससाहेबांनी आम्हाला बोलावलं. टेबलाशी त्या बसलेल्या, आम्ही दोघी उभ्या.

“राक्षसाची गोष्ट मुलींना कोणी सांगितली?”

“मी,” बाई लगेच म्हणाल्या. “वर्गात मी सांगितली. चूक माझी.”

मी गप्प बसले असते तर सगळं तिथंच माझ्या बाजूनं झालं असतं. खुर्ची, वर्ग, सगळं. पण मला ते ऐकवेना. बोध त्यांनी घेतला, वाहवा घेतली, आता चूकही घेणार? माझ्या आईची गोष्ट त्यांच्या नावावर जाणार, मग ती चूक म्हणून का असेना?

“गोष्ट माझी आहे,” मी म्हणाले. “माझ्या आईची. त्यांनी माझ्याकडून घेतली.”

बाईंनी माझा हात दाबला. माझं मन मोठं आहे असं त्यांना वाटलं. आत्यांनीही नंतर तसंच म्हटलं. मी कोणाला दुरुस्त केलं नाही.

मिससाहेबांनी चष्म्यातून दोघींकडे पाहिलं. “वर्ग बाई घेतील,” त्या म्हणाल्या. “तुला गोष्ट येते, बोध येत नाही. मुलींना दोन्ही पाहिजे. आणि राक्षस वर्गात येणार नाही.”

मी मान हलवली. डोळ्यांत पाणी येऊ नये म्हणून मी टेबलावरच्या दौतीकडे बघत राहिले.

“ओट्यावर?” मी विचारलं.

“ओट्यावर काय चालते ते मला ऐकू येत नाही.”

त्यांची खिडकी ओट्यावरच उघडायची.

मी जायला वळले, आणि मग जे इतके महिने पोटात होतं ते तोंडून गेलं. “मिससाहेब, मला परत धाडणार का?”

“कोठे?”

“गावी.”

त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या की जणू मी काही भलतंच विचारलंय. “कशासाठी?” त्या म्हणाल्या. “तुझे घर येथे आहे.” आणि समोरच्या कागदांकडे वळल्या.

बाहेर येऊन मी आधी आभार मानले. खरोखर मानले, भिंतीला टेकून. मग रडले. दोन्ही एकाच वेळी कसं होतं ते ज्याला झालंय त्यालाच ठाऊक.

पुढच्या रविवारी मी मागच्या टोकाला बसले होते. बाई खुर्चीवर. त्या शास्त्रातलीच गोष्ट सांगत होत्या, आणि माझं लक्ष तिथं नव्हतं. मी राक्षसाचा विचार करत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्याची कीव आली. एवढा डोंगराएवढा, आणि जीव ठेवला कुठं, तर मुठीत मावेल अशा पाखरात. मग दिवसरात्र त्याच पाखराची काळजी. कोणीही यावं आणि मान पिरगाळावी. मी समोरच्या वेताच्या खुर्चीकडे बघितलं. मीही माझा जीव तिथंच ठेवला होता. आणि परवा ती खुर्ची गेली, तरी मी इथं बसले होते, मांडीवर पोर घेऊन, श्वास चालू. म्हणजे तो जीव तिथं नव्हताच. दुसरीकडे कुठं तरी होता, मला न विचारता ठेवलेला.

हा माझा पहिला बोध. कोणी शिकवला नाही, मीच काढला. आणि मी तो कोणाला सांगितला नाही. सांगितला असता तर बाईंनी तो पुढच्या रविवारी वापरला असता.

नाताळच्या आदल्या शनिवारी सगळ्या मुलींची डोकी शिकेकाईनं धुवायची असतात. सकाळपासून चुलीवर पाणी, ओट्यावर घंगाळं, आणि रांग लागलेली. शेवटी बाई आल्या, खांद्यावर पंचा टाकून.

“अक्का, माझंही डोकं धुऊन द्याल? पाठीमागं हात पुरत नाही.”

त्या पाटावर बसल्या. केस सोडले तेव्हा ते कमरेखाली आले. मी धुतले, पुसले, उन्हात बसवून विंचरायला घेतले. हरसूलची पोर आली आणि त्यांच्या मांडीत जाऊन बसली. विचारलंही नाही कोणाला. माझे हात केसांत अडकलेले.

“अक्का, राक्षसाची सांगा ना,” बाई म्हणाल्या. “तुमच्या तोंडून मी ऐकलेलीच नाही.”

मी सांगितली. ताटात कोसळण्याच्या जागी पोर मागं सरकली, आणि तिच्याबरोबर बाईही सरकल्या. आता बोध येणार म्हणून मी वाट बघत होते. आला नाही.

“पण एवढ्या मोठ्या राक्षसानं,” त्या म्हणाल्या, “जीव इतक्या लहान पाखरात का ठेवला असेल?”

मला ठाऊक होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पोरीनं बाईंच्या बांगडीशी खेळता खेळता डोकं त्यांच्या छातीला टेकवलं.

“कुणास ठाऊक, बाई,” मी म्हणाले. “आईनं ते सांगितलं नाही.” आणि तीन पेड केले, ओढून वेणी घालायला लागले.

“अक्का, जरा सैल. दुखतंय.”

“घट्टच बरी,” मी म्हणाले. “नाताळभर सुटायची नाही.”